मडक्यात पिल्लं झाली, आता काय करायचं?

दोस्तांनो, समजा तुमच्या घरी फिशटँक आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. त्यात चार-पाच प्रकारचे मासे गुण्यागोविंदाने राहताहेत. दोन राखाडी, काळ्या पट्ट्यांचे मासेही आहेत. एके दिवशी सकाळी बघता तर काय, त्या दोघांनी टँकचा एक कोपरा चक्क बळकावलेला! बाकीचे मासे दुसऱ्या टोकाला अंग चोरून उभे. कुणी जरा जवळ आलं, की ही दोघं त्याच्या अंगावर धावून जातात. हे मासे पिसाळले की काय?

छे, पिसाळलेले नाहीत! टॉर्च घ्या आणि कोपऱ्यातल्या मातीच्या मडक्यात हळूच डोकावून पाहा. आतल्या बाजूला मोहरीच्या दाण्यांसारखी, फिकट तपकिरी अंडी ओळीनं चिकटवलेली दिसतील. म्हणजे तुमच्या घरी बारसं आहे! आणि पाहुणे एक-दोन नाहीत, शंभराच्या घरात असू शकतात.

पट्टेवाले आई-बाबा

या माशांचं नाव कॉन्व्हिक्ट सिक्लिड. कॉन्व्हिक्ट म्हणजे कैदी. जुन्या सिनेमातल्या कैद्यांसारखे पट्टे अंगावर, म्हणून हे नाव. त्यांचं मूळ घर मध्य अमेरिकेतल्या नद्या आणि ओढे. सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुटुंब आहे. फिशटँकमधला एंजल मासा याच कुटुंबातला. कोकण-गोव्याकडचा काळुंदर आणि केरळातला करीमीन, हा एकच मासा, तोही यांचा भाऊबंद.

या कुटुंबाची खासियत म्हणजे मुलांची काळजी. पुष्कळसे मासे अंडी घालतात आणि चालू लागतात. सिक्लिड तसं करत नाहीत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या कितीतरी सिक्लिड माशांच्या आया अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहतात! आपले पट्टेवाले आई-बाबा अंडी तोंडात धरत नाहीत, पण पहारा मात्र दोघं मिळून देतात.

मग दुकानदारानं ही नर-मादीची जोडी आहे, असं सांगितलं का नाही? कारण लहानपणी दोघं अगदी सारखेच दिसतात. मोठेपणी नर आकारानं मोठा होतो आणि त्याचे पर लांब, टोकदार होतात. मादी लहान असते, पण तिच्या पोटावर नारिंगी झाक येते. पुष्कळ माशांत नर जास्त रंगीत असतो, इथे उलटं! शिवाय हे मासे सहा महिन्यांच्या आतही अंडी घालू शकतात.

आठवड्याचं वेळापत्रक

टँकचं पाणी सव्वीस-सत्तावीस अंश सेल्सिअस असेल, तर पुढचं सगळं झपाट्यानं होतं. रविवारी अंडी घातली, तर बुधवारच्या सुमारास ती फुटतात. बाहेर येतात शेपटी वळवळवणारे बारीक जीव. त्यांना अजून पोहता येत नाही. पोटाशी बलकाची पिशवी असते, तोच त्यांचा डबा. आई-बाबा त्यांना तोंडात उचलून वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. पिल्लांना ते खाताहेत असं वाटून घाबरू नका! पुढच्या रविवार-सोमवारपर्यंत बलक संपतो आणि पिल्लांचा थवा आईच्या मागे पोहू लागतो.

काही अंडी पांढरी पडली, तर ती फळलेली नाहीत असं समजा. त्यांच्यावर बुरशी येते. पहिल्या खेपेला कधी कधी आई-बाबाच सगळी अंडी खाऊन टाकतात. तेही नवखेच ना!

तीन दिवसांत ठरवा

आता घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायची गोष्ट. पिल्लं वाढवायची की नाही? हे अंडी फुटण्याआधी ठरलेलं बरं. आपल्या टँकमध्ये पाणी मावतं सुमारे पंचावन्न लिटर. त्यात दोन-दोन इंचांचे शंभर मासे राहूच शकत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याचं रूपांतर कमी घातक पदार्थात करतात, पण त्यांनाही मर्यादा असते. गर्दी वाढली की पाणी विषारी होतं आणि जुने-नवे सगळेच मासे मरतात.

म्हणून आधी विचारा, पिल्लं कोण घेणार? माशांच्या दुकानात जाऊन चौकशी करा. मित्र घेणार असतील, तर त्यांच्याकडे पुरेसा मोठा टँक आहे का ते बघा. कुणीच घेणार नसेल, तर पहिल्या दोन दिवसांतच अंड्यांचं मडकं बाहेर काढलेलं चांगलं.

‘पण हे क्रूरपणाचं नाही का?’ असं तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. थोडं गणित करू. नदीत एक जोडी आयुष्यभरात शेकडो अंडी घालते. ती सगळी जगली असती, तर नदीत पाण्याऐवजी मासेच दिसले असते! प्रत्यक्षात त्यांतली सरासरी दोनच मोठी होऊन आई-बाबांची जागा घेतात. बाकीची इतर प्राण्यांच्या पोटात जातात. आपल्या टँकमध्ये हा हिशेब करायला कुणी नाही, म्हणून तो आपल्याला करावा लागतो. शंभर पिल्लं जन्माला घालून घाण पाण्यात तडफडू देणं, हा खरा क्रूरपणा.

वाढवायचं ठरलं तर

आधी बाकीच्या माशांची सोय करा. त्यांना दुसऱ्या टँकमध्ये हलवा किंवा मधे भोकांची प्लॅस्टिकची जाळी घट्ट बसवा. नाहीतर फाटलेले पर आणि निघालेले खवले ठरलेलेच! फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, म्हणजे पिल्लं आत ओढली जाणार नाहीत.

पिल्लं पोहू लागली की चिमटीत बारीक चुरडलेलं खाद्य द्या. दिवसातून तीन-चारदा, पण अगदी थोडं. उकडलेल्या अंड्याचा बलक द्यायचा तर सुईच्या टोकाएवढाच, कारण तो पाणी लवकर नासवतो. उरलेलं खाद्य बारीक नळीनं ओढून काढा. दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदला. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब त्यात टाका. हीटर किंवा मोटर चालू असताना पाण्यात हात घालू नका. बटण बंद करायचं काम आई-बाबांचं!

नदीत सोडू? मुळीच नाही!

‘एवढा त्रास कशाला? जवळच्या तळ्यात सोडून देऊ, बिचारे मोकळे होतील,’ असं कुणीतरी म्हणेल. हे मात्र कधीही करू नका. याच कुटुंबातला मोझांबिकचा तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला. तो अन्न म्हणून आणला होता, पण पसरला देशभर. तिलापियालाच आपल्याकडे चिलापी म्हणतात. उजनीच्या जलाशयात तो भरपूर सापडतो. असे परके मासे स्थानिक माशांची जागा आणि अन्न बळकावतात, त्यांची अंडी खातात. टँकची काच साफ करणारा सकर मासाही असाच लोकांनी सोडून दिल्यामुळे भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत जाऊन बसला आहे. एकदा पसरलेला मासा परत गोळा करता येत नाही.

एक खेप झाली की ही जोडी महिन्या-दीड महिन्यात पुन्हा अंडी घालू शकते. नुसतं मडकं काढून भागत नाही. ते काचेवर नाहीतर फिल्टरच्या मागेही अंडी घालतात. पुन्हा पिल्लं नको असतील, तर नर आणि मादीला वेगळं ठेवणं हाच खात्रीचा उपाय.

तेव्हा दोस्तांनो, आज आधी एक काम करा. तुमच्या टँकमध्ये पट्टेवाले मासे असतील, तर पोटावरची नारिंगी झाक शोधा. दिसली, तर वही-पेन्सिल काढा, तारीख लिहा आणि दुकानदाराला विचारून ठेवा, ‘काका, पिल्लं झाली तर किती घ्याल?’ तो सांगेल तेवढीच वाढवा. मग करणार ना एवढं?