पेटी आली का?

दर तीन-चार महिन्यांनी आमच्या इमारतीत एक आठवडा असा येतो की जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो, ‘‘ताई, पेटी आली का?’’ पेटी म्हणजे ग्रंथपेटी. आत २५ पुस्तकं, त्यांची एक यादी आणि कोणी काय नेलं याची नोंदवही. ती आमच्या दिवाणखान्यात खिडकीखाली असते. नवी पेटी उघडायच्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू पोळ्या आटोपून सगळ्यांच्या आधी येतात, पुस्तक हातात घेतात आणि पहिलं पान न बघता थेट मधलंच एखादं पान वाचायला लागतात. दहा-बारा ओळी वाचल्या की त्यांचा निर्णय झालेला असतो. पुस्तक निवडायची ही रीत मला त्यांच्याकडूनच मिळाली.

ही पेटी येते ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ही योजना २००९ साली सुरू झाली, आणि ती ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली ते प्रतिष्ठानचे विश्वस्त विनायक रानडे. कल्पना ऐकायला फार साधी आहे. लोक वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला, कोणाच्या स्मरणार्थ काही ना काही खर्च करतातच. त्यातला काही भाग त्यांनी पुस्तकांसाठी द्यावा. त्या देणगीतून पेटी तयार व्हावी, आणि ती एखाद्या सोसायटीत, कार्यालयात, गावात, मित्रांच्या गटात जावी. वाचकाला वर्गणी नाही, अनामत नाही. गटातल्या एकाने पेटी सांभाळायची आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. प्रत्येक पेटीत वेगळी पुस्तकं असल्याने तीन महिन्यांनी बदल झाला तरी वर्षाकाठी शंभर पुस्तकं दाराशी येऊन जातात. पुस्तक विकत घ्यायचं तर आज अडीचशे-तीनशे रुपये सहज मोजावे लागतात, त्या हिशेबाने ही केवढी मोठी गोष्ट झाली!

नाशिकमध्ये रुजलेली ही पेटी मग महाराष्ट्रभर गेली, कारागृहांतल्या बंद्यांपर्यंत पोचली, मुलांसाठी वेगळ्या पेट्या निघाल्या, आणि दुबई, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, टोकियो, अटलांटा अशा ठिकाणच्या मराठी घरांतही ती उघडली गेली. परदेशी वाढणाऱ्या मुलांना मराठी पुस्तक हाताळायला मिळणं किती अवघड असतं, हे तिथे नातवंडं असलेल्या आजी-आजोबांना विचारा. बॅगेत लोणच्याची बरणी मावते, पण पंचवीस पुस्तकं मावत नाहीत.

पण नाशिकला वाचनालय काय कमी होतं का, असा प्रश्न मला एका पाहुण्यांनी विचारला होता. नव्हतंच कमी. इथलं सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळं गाव ‘सावाना’ म्हणतं, ते १८४० सालचं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली त्याच्या १३ वर्षं आधी या गावात वाचनालय होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय त्याहून जुनं, १८२८ चं; पण महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत सावानाचीही गणना होते. कुसुमाग्रज, वसंत कानेटकर, बाबूराव बागूल, वामनदादा कर्डक यांचं हे शहर. साहित्य संमेलनं इथे झाली, १९४२ साली आचार्य अत्रे अध्यक्ष होते आणि अगदी अलीकडे, डिसेंबर २०२१ मध्ये, डॉ. जयंत नारळीकर. वाचनाची परंपरा नाशिकला कोणी शिकवायची गरज नाही.

तरीही पेटी लागली. त्याचं कारण मला पेटी सांभाळता सांभाळता उमगलं. वाचनालयात जातो तो आधीच वाचक असतो. त्याला काय हवं ते ठाऊक असतं, ग्रंथपालांशी त्याची ओळख असते. पण लग्न, नोकरी, मुलांच्या शाळा यांत ज्याचं वाचन पंधरा-वीस वर्षं सुटलं, तो माणूस हजारो पुस्तकांच्या कपाटांपुढे उभा राहिला की बावरतो. कुठून सुरुवात करू? कोणतं घेऊ? चुकीचं निघालं तर? दोन-चार कपाटं फिरून, एखादं मासिक चाळून तो घरी येतो आणि पुन्हा जात नाही. असे वाचक प्रत्येक इमारतीत आहेत. २५ पुस्तकं बघून कोणी बावरत नाही. आणि ती पुस्तकं कोणी वाचलीत, हे वहीत शेजाऱ्यांच्या नावानिशी लिहिलेलं असतं. माझ्या मते पेटीचं सगळं बळ या दोन गोष्टींत आहे: पुस्तकं मोजकी, आणि सुचवणारा ओळखीचा.

पुस्तकानेच वाचकाकडे चालत जावं हा विचार आपल्याकडे नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावून घेतलं आणि संस्थानात गावोगावच्या वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्या आधी, १९०६ पासून, मोतीभाई अमीन यांनी ‘मित्रमंडळ’ नावाने खेड्यांत वाचनालयं काढायला सुरुवात केलेली होती. जिथे वाचनालय नव्हतं तिथे बडोद्याच्या ग्रंथालय खात्याची पेटी जाई: ठरावीक पुस्तकं भरलेली, काही काळ गावात राहणारी आणि मग पुढच्या गावाला निघणारी. मराठी-गुजराती प्रजेसाठी एका राजाने सरकारी खर्चाने केलेलं ते काम आज नाशिकमध्ये लोक आपापल्या वाढदिवसाच्या पैशांतून करतात. राजाश्रय गेला तरी पेटी टिकली, याचा मला फार आनंद वाटतो.

आता आमच्या इमारतीतली एक गोष्ट सांगते.

२०२० च्या फेब्रुवारीत आमच्याकडे नवी पेटी आली आणि मार्चमध्ये करोनामुळे सगळं बंद झालं. बदलीचा प्रश्नच उरला नाही. वाचनालयं बंद, दुकानं बंद, वर्तमानपत्रही काही दिवस येईना. इमारतीत तीच २५ पुस्तकं अडकली. सुरुवातीला पुस्तक बाहेरच्या पायरीवर ठेवायचं, दोन दिवस तसंच राहू द्यायचं आणि मग उचलायचं, असा नियम आम्ही केला होता. एप्रिल संपेपर्यंत जो तो आपल्या आवडीची चार-पाच वाचून मोकळा झाला. मग नाइलाजाने नावडतीची पाळी आली. ज्यांनी कधी कवितेचं पुस्तक उघडलं नव्हतं त्यांनी ते उघडलं. विज्ञानावरचं एक पुस्तक तर कोणी कधी उघडलंच नसावं इतकं कोरं होतं. ते सात घरांत फिरलं.

आणि जूनच्या सुमारास एक वेगळीच गोष्ट झाली. इमारतीतल्या बारा-तेरा घरांनी तीच पुस्तकं वाचलेली होती. एरवी दोघांचं एकच पुस्तक एकाच वेळी वाचून झालेलं असणं किती दुर्मीळ! आता संध्याकाळी गच्चीवर अंतर राखून बसलं की वाद सुरू व्हायचे. अमुक कादंबरीतल्या बापाने असं का वागावं, तमुक आत्मचरित्रात लेखक काय लपवतो आहे, यावर माणसं तावातावाने बोलायची. मी या इमारतीत त्या वेळी सोळा वर्षं राहत होते. शेजारच्या माणसाला आयुष्याबद्दल काय वाटतं हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं, आणि ते त्याने स्वतःबद्दल एक शब्द न बोलता कळलं.

तेव्हापासून आमच्या नोंदवहीत आम्ही एक रकाना वाढवला. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, परत दिल्याची तारीख, आणि शेवटी ‘पुढे कोणाला’. पुस्तक परत करणाऱ्याने तिथे इमारतीतल्या एका माणसाचं नाव लिहायचं. अभिप्राय नको, तारे नकोत, फक्त नाव. हा रकाना भरताना माणसं थांबतात. पेन हातात धरून विचार करतात. कारण हे पुस्तक चांगलं आहे का, एवढ्यावर ते नाव सुचत नाही. समोरच्या माणसाला सध्या काय हवं आहे, हे बघावं लागतं.

चौथ्या मजल्यावरचे एक काका बँकेतून निवृत्त झालेले. वाचन दांडगं, पण फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या. त्यांच्यासमोर राहणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. त्याने एकदा बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’समोर काकांचं नाव लिहिलं. मला धाकधूक होती. १९६३ साली आलेला हा कथासंग्रह. मराठी कथेला त्याने मुळापासून हादरवलं. बागूल आपल्या विहितगावचे, २००८ साली इथेच गेले. काका या शहरात जन्म काढलेले, पण त्यांनी बागुलांचं एक पानही वाचलं नव्हतं. पुस्तक पाच दिवस त्यांच्याकडे राहिलं. परत देताना ते काही बोलले नाहीत. रकानाही कोरा ठेवला. आठवड्याने जिन्यात थांबवून म्हणाले, ‘‘यांचं आणखी काही आहे का?’’ मग त्या दोघांच्या गच्चीवरच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या मुलगा परीक्षा पास होऊन नेमणुकीच्या गावी जाईपर्यंत चालल्या.

तळमजल्यावरच्या काकूंनी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पुढे एका नव्या सुनेचं नाव लिहिलं होतं. ती मुलगी विदर्भातून आलेली, इथे कोणी ओळखीचं नाही. काकूंनी पुस्तक हातात देताना एवढंच सांगितलं, ‘‘अगं, या बाईंचा जन्म जलालपूरचा. आपल्या नाशिकला लागून, गोदेकाठी.’’ पुढच्याच रविवारी नवरा-बायको जलालपूरला जाऊन आले. नवं गाव आपलं वाटायला कोणाला काय लागतं, कोणाला काय. तिला ते पुस्तक लागलं.

पेटी सांभाळून पुस्तक सुचवण्याबद्दल थोडं शिकले, ते इथे नोंदवते. ‘खूप छान आहे, नक्की वाच’ या वाक्याने कोणी पुस्तक उघडत नाही. त्यापेक्षा ‘यातलं दुसरं प्रकरण वाच, तुला तुझ्या आजोळची आठवण येईल’ असं म्हटलं तर माणूस घरी जाऊन आधी तेवढंच वाचतो. सुचवण्याआधी शेवटचं कोणतं आवडलं होतं ते विचारावं. जाडजूड ग्रंथ पहिल्याच भेटीत कोणाच्या गळ्यात मारू नये. आणि पुस्तक आवडलं नाही असं कोणी सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नये, का आवडलं नाही ते विचारावं. पुढचं पुस्तक त्या उत्तरात सापडतं. लहान मुलांना तर मोठ्यांनी सुचवूच नये, मुलांनीच मुलांना सुचवावं. आमच्याकडे तिसरीतल्या मुलीने सांगितलेलं पुस्तक दोन दिवसांत पाच घरं फिरतं. मी सांगितलेलं माझ्याकडेच राहतं.

ओळखीचा माणूस हवा म्हणते, तरी कधी कधी अनोळखीही चालतो. नाशिकहून ओझरकडे जाताना महामार्गालगत दहाव्या मैलाजवळ भीमाबाई जोंधळे यांचं हॉटेल आहे. लोक त्याला पुस्तकांचं हॉटेल म्हणतात. जेवण येईपर्यंत मोबाइल न बघता काहीतरी वाचावं म्हणून तिथे टेबलांवर पुस्तकं ठेवलेली असतात, भिंतीलगत हजारो आणखी. तिथे पुस्तक सुचवतो तो आपल्या आधी त्या टेबलावर जेवून गेलेला कोणी प्रवासी. कुठलं तरी पुस्तक त्याने उघडून पालथं ठेवलेलं असतं, आणि आपण त्याच पानापासून वाचायला लागतो.

दिवाळी अंकही असेच हातोहात फिरत आले. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत अंक एकट्याने वाचायची वस्तू राहिली नाही. आमच्या लहानपणी वाड्यातली पाच बिऱ्हाडं पाच वेगळे अंक घ्यायची आणि माघ उजाडेपर्यंत ते सगळीकडे फिरायचे. ज्यांना तेवढंही परवडत नसे ते कोपऱ्यावरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत पैसे भरून रोज एक अंक आणायचे. अंक परत येई तेव्हा त्याच्या समासात कोणाच्या तरी पेन्सिलीची खूण असे, आणि ती खूण कोणाची हे ओळखण्याचा आम्हा मुलांना नाद होता. आजही वाचनालयं दिवाळी अंकांसाठी खास योजना काढतात, ती याच सवयीवर चालते.

पुस्तकं हरवतात का? हरवतात. आमच्या पेटीतून आजवर चार गेली. त्यातलं एक तीन वर्षांनी परत आलं. घर बदलून गेलेल्या कुटुंबाला माळ्यावरच्या खोक्यात सापडलं होतं. आतल्या पानावर त्यांच्या मुलाने पेन्सिलीने एक नाव लिहून ठेवलं होतं. आमच्या वहीचा रकाना त्याला आठवत असणार.

तुम्ही नाशिकमध्ये असाल तर गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात जाऊन पेटीची चौकशी करा. सुरुवातीला किती घरं लागतात तेही तिथेच विचारा. गावात तेवढी घरं जमत नसतील तर स्वतःच्या कपाटातली २५ पुस्तकं काढा, एक वही घाला आणि जिन्यात ठेवा. आणि हा अंक वाचून झाला की रद्दीत टाकू नका. शेवटच्या पानावर पुढच्या वाचकाचं नाव लिहा आणि तुळशीच्या लग्नाच्या आत त्याच्या दारात नेऊन द्या.