आतला ओलावा आतच

थंडीत फुटलेल्या ओठांना पेट्रोलियम जेली लावली की ओठांना ओलावा मिळाला असं वाटतं. पण त्या डबीत पाण्याचा थेंबही नसतो! ओलावा आपलाच, त्वचेतून सतत हवेत उडून जाणारा. जेलीचा पातळ थर त्याची वाट जवळजवळ पूर्ण अडवतो आणि त्या आडोशाला त्वचा आपली आपण भरून येते. म्हणून जेली लावावी ती अंघोळीनंतर, अंग किंचित ओलं असतानाच.

ही जेली निघाली खनिज तेलाच्या विहिरींतून. १८५९ साली रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेतल्या टायटसव्हिलला गेला. तिथे उपशाच्या दांड्यांवर काळपट, मेणचट गाळ साचायचा. कामगार त्याला वैतागलेले, पण कापलं-भाजलं की तोच गाळ जखमेवर चोपडायचे. चेसब्रोने तो गाळून गाळून स्वच्छ केला आणि १८७२मध्ये ‘व्हॅसलिन’चं पेटंट घेतलं.

मला थक्क करते ती तिची घडण. मेणाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी आणि त्या जाळीत, पोळ्यात मध राहावा तसं, अडकलेलं पातळ तेल. म्हणून ती धड वाहत नाही, धड गोठत नाही. बोटाच्या दाबाने आणि उबेने मात्र लगेच पसरते. शिवाय लोण्यासारखी ती खवट होत नाही. स्निग्ध पदार्थांच्या रेणूंत ऑक्सिजनला शिरकाव करायला कच्च्या जागा असतात. हिच्या कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांत त्या जवळपास नसतातच. कोकणात भेगाळलेल्या टाचांना कोकमतेल चोळतात, तेही आडोसाच करतं. जेलीचा आडोसा अधिक घट्ट.

गाडीच्या बॅटरीच्या टोकांवर तिचा लेप दिला की गंज धरत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्युस्त ल्युमिएरने जाळीदार कापडाला असाच मेणचट लेप देऊन जखमेला न चिकटणारी पट्टी तयार केली. होय, १८९६मध्ये ज्यांची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, त्या ल्युमिएर बंधूंपैकीच तो एक!

ताज्या भाजलेल्या जागी मात्र जेली नको. आधी वाहतं गार पाणी. आणि लॅटेक्सचे हातमोजे घालण्याआधी हात स्वच्छ धुवावेत. रबरही कार्बन-हायड्रोजनच्याच साखळ्यांचं. त्यामुळे पाण्याला अडवणारी ही जेली रबरात सहज मुरते आणि मोजा कमकुवत होऊन फाटतो.