शिंदळ माकुडी

(लॅ. फ्रेरिया इंडिका, आधुनिक नाव बौसेरोसिया फ्रेरेई, कुल–ॲस्क्लेपिएडेसी, आधुनिक वर्गीकरणानुसार ॲपोसायनेसी). सह्याद्रीच्या उभ्या कातळकड्यांवर वाढणारी ही मांसल, बहुवर्षायू ओषधी महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नाही. मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक व वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांनी जुन्नर परिसरातील नमुन्यांवरून १८६५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर (कारकीर्द १८६२–६७) यांच्या नावावरून त्यांनी ‘फ्रेरिया’ ही नवी प्रजाती स्थापिली. पुढे दीर्घकाळ या प्रजातीत ही एकच जाती होती. शिवनेरी, पुरंदरनजीकचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रंधा धबधबा ही तिची काही ज्ञात स्थाने होत. प्रत्येक ठिकाणी झाडांची संख्या मर्यादित आहे.

सह्याद्रीत पाऊस विपुल पडत असला, तरी उभ्या कड्यावर पाणी थांबत नाही. बेसाल्टच्या भेगांत साचलेली मूठभर माती पावसाळा संपताच कोरडी पडते आणि पुढचे सात-आठ महिने कातळ तापत राहतो. त्यामुळे भरपूर पावसाच्या प्रदेशात असूनही या वनस्पतीचे जीवन वाळवंटी वनस्पतीसारखेच असते. माकडशिंग, तसेच दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातील स्टॅपेलिया हे तिचे नातलग होत. या गटातील बहुतेक जातींची पाने खवल्यांएवढी लहान किंवा लवकर गळणारी असतात. शिंदळ माकुडीला मात्र ठळक, सपाट व लंबगोल पाने येतात, हे तिचे वैशिष्ट्य होय.

खोड गोलसर, हिरवट करडे, मांसल व शाखायुक्त असून ते कातळावर पसरते किंवा कड्यावरून लोंबते. फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर पेरांपाशी येतात, ती सु. २ सेंमी. व्यासाची, ताऱ्यासारखी, गडद तांबडी असून त्यांवर पिवळ्या खुणा असतात. रुईप्रमाणेच परागकण सुटे नसून त्यांचे पुंज बनलेले असतात. या गटात परागण मुख्यतः माश्यांकडून होते. फळे (पेटिकाफळे) लांबट असतात. बियांना रेशमी केसांचा झुबका असल्याने त्या वाऱ्याबरोबर दूर जातात. परंतु कड्यावरील योग्य भेगेत पडून रुजणाऱ्या बिया थोड्याच.

उन्हाळ्यात पाने गळतात व केवळ खोड उरते. पहिल्या पावसानंतर पुन्हा पालवी फुटते. या ऋतुचक्रामागील शरीरक्रिया लांगे व त्सूबर या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाली. खोड निवडुंगांप्रमाणे रात्री त्वग्रंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेते, तो अम्लरूपात साठविते आणि दिवसा त्वग्रंध्रे मिटून प्रकाशसंश्लेषणासाठी वापरते (क्रॅसुलेसी अम्ल चयापचय). त्यामुळे पाण्याचा व्यय अत्यल्प होतो, पण वाढ मंद राहते. पाने मात्र सामान्य वनस्पतींप्रमाणे दिवसा वायू घेतात. पाणी असेपर्यंत पानांच्या साहाय्याने जलद वाढ साधावी व टंचाईत पाने टाकून खोडावर निभावून न्यावे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

लागवड : निसर्गात दुर्मिळ असलेली ही वनस्पती कुंडीत मात्र फारशी अवघड नाही. यूरोपातील पादपगृहांत (हरितगृहांत) मांसल वनस्पतींचे संग्राहक ती दीर्घकाळ वाढवीत आले आहेत. खोडाचे छाट कलम काही दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा वाळू देतात व नंतर ते जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे कुजलेले पानखत यांच्या मिश्रणात लावतात. कुंडी पसरट व पाण्याचा त्वरित निचरा होणारी असावी लागते. वाढीच्या काळात मिश्रण कोरडे झाल्यावर पुन्हा पाणी देतात. पाने गळाल्यावर ते जवळजवळ बंद करतात. थंड प्रदेशात पादपगृहाचे तापमान सु. १०° से. खाली जाऊ देत नाहीत. सतत ओलावा राहिल्यास मूळ व खोड कुजते. कोरड्या, कोंदट हवेत पिठ्या ढेकणांचा उपद्रव होतो.

संरक्षण : दरडी कोसळणे, वणवे, चराई व संग्राहकांकडून होणारी उपट यांमुळे मूळ स्थाने धोक्यात येतात. पुणे येथील भारतीय वनस्पति-सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाने आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने ही जाती आपल्या उद्यानांत जोपासली आहे. ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करण्याचे व ती नैसर्गिक अधिवासात पुन्हा लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

तथापि कुंड्यांची संख्या वाढणे म्हणजे जाती सुरक्षित होणे नव्हे. एकाच झाडाचे शेकडो छाट आनुवंशिक दृष्ट्या एकच झाड असतात. या गटातील अनेक जातींत स्वपरागणाने बी धरत नाही. अशा जातींच्या एकाच वंशाच्या ताटव्यात फुले भरपूर आली, तरी फळे येत नाहीत. म्हणून निरनिराळ्या किल्ल्यांवरील झाडांचे छाट वेगवेगळ्या नोंदींसह राखणे, त्यांच्या संकरणातून बी मिळविणे आणि रोपे मूळ कड्यांवर परत लावणे आवश्यक ठरते. पादपगृह ही जातीची ठेव आहे. तिचे घर मात्र कातळातील ती भेगच होय.