सदाफुलीचा रस आणि फुफ्फुसाचा कॅन्सर : अर्ध्या सत्याचा धोका

गेल्या वर्षी वस्तीत आरोग्याचे काम करताना एका काकांच्या घरी गेले होते. काका बांधकामावर बिगारी. तीन महिने खोकला थांबेना, शेवटी तपासणीत फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. केमोची तारीख मिळाली होती, पण घरच्यांनी ठरवले की आधी महिनाभर सदाफुलीचा रस देऊन बघू. मुलाने मोबाईलवरचा मेसेज दाखवला आणि विचारले, "ताई, सदाफुलीपासून कॅन्सरचे औषध बनते ना? मग हे खोटे कसे?"

मित्रांनो, त्या मेसेजमधली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. म्हणूनच तो धोकादायक आहे.

जमैकात मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत असत. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो तपासला. प्राण्यांमध्ये साखर काही उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्या शोधातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे झाले. पुढे फ्रान्समध्ये अशाच द्रव्यात रासायनिक बदल करून विनोरेलबिन तयार झाले. १९९४ मध्ये अमेरिकेत त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली.

ते काम कसे करते? पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक तंतू तयार होतात. हे औषध ते तंतू बनू देत नाही, त्यामुळे पेशीची वाढ थांबते. पण त्याला कॅन्सरची पेशी आणि चांगली पेशी यांत पूर्ण फरक करता येत नाही. म्हणून डॉक्टर रुग्णाच्या उंची-वजनावरून डोस काढतात आणि दर वेळी रक्त तपासतात.

पानांत ही द्रव्ये इतकी कमी असतात की शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हाती येते ते ग्रॅममध्ये मोजावे लागते. वाटीभर रसात कोणते द्रव्य किती, हे कुणालाच सांगता येत नाही. कॅन्सर मारण्याइतके त्यात नसते, पण अपाय करण्याइतके असू शकते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी अमेरिकेत दोन मोठे शोध लावले. एक, यू झाडाच्या सालीतले टॅक्सॉल. दुसरे, एका चिनी झाडातले कॅम्प्टोथेसिन. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडते. टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, पण औषध म्हणून पहिली मान्यता मिळायला १९९२ उजाडले. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आज ते सर्रास वापरतात. कॅम्प्टोथेसिन मूळ रूपात इतके विषारी ठरले की त्यावरचे काम थांबवावे लागले. त्यात बदल करून बनवलेले टोपोटेकॅन मात्र उपयोगी पडले.

म्हणजे झाडाने सुरुवात करून दिली. औषध घडले ते वर्षानुवर्षांच्या तपासणीतून. हळदीतल्या कर्क्युमिनचेही तसेच. प्रयोगशाळेतल्या बशीत ते कॅन्सरच्या पेशी मारते, पण खाल्ल्यावर रक्तात फारच थोडे उतरते. बशीतला निकाल म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे.

याची किंमत किती? येल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या कॅन्सर रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो दुपटीहून अधिक होता.

लोक पाल्याकडे वळतात ते केवळ अज्ञानामुळे नाही. खर्चाची धास्ती, बुडणारी मजुरी, केमोची भीती आणि रुग्णालयात मिळणारी वागणूक हीही कारणे आहेत. त्यामुळे "अंधश्रद्धा" म्हणून झिडकारून भागणार नाही. कार्यकर्त्यांनी रुग्णासोबत जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. घरात काढा सुरू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. आणि खोकला दोन-तीन आठवड्यांत थांबला नाही, थुंकीत रक्त दिसले, तर तपासणी टाळू नये.

त्या मुलाला मी हेच सांगितले. दुसऱ्या दिवशी तो काकांना घेऊन रुग्णालयात गेला. दारातली सदाफुली अजून तिथेच आहे, फुललेली. पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारूया : हे माणसांवर तपासले आहे का?