वेशीबाहेरच्या माणसाचे शहरातले घर

कऱ्हाकाठच्या गावात कुणाचे घर विचारले, की सांगणारा आधी दिशा सांगतो. वेशीच्या आत की ओढ्याच्या पलीकडे, एवढ्यावरून विचारणाऱ्याला जात कळते. बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात इंग्रजी अमदानीत नीरा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, साखर कारखाने आले. पण गावाचा हा नकाशा त्या पाण्याने पुसला नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली तरी वस्ती आहे तिथेच राहते. म्हणून आपला माणूस पुण्यात घर घेतो, तेव्हा जातीने नेमून दिलेली जागा तो नाकारत असतो. हा व्यवहार पैशाचा आहे तितकाच सामाजिक आहे. दोन्ही बाजूंनी तो समजून घेतला पाहिजे.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवगानाचा समाचार घेतला. पण शहरात जात उरत नाही असा भाबडा समज त्यांचा कधीच नव्हता. परदेशातून शिकून १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा जात लपवून पारशी विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. स्नेह्यांनी आसरा दिला नाही. सार्वजनिक बागेत बसून दिवस काढावा लागला आणि मुंबईची गाडी धरावी लागली. पुढे परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहून १९३० नंतरच्या दशकात त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले, ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ मधील कथेचा नायकही खोलीसाठीच जात झाकतो. घराचा प्रश्न आपल्या साहित्यात आला, तो असा जगण्यातून.

आज परिस्थिती बदलली काय? मध्यंतरी आमच्या भागातल्या एका शिक्षक दांपत्याबरोबर मी पुण्यात घरे पाहत हिंडलो. एका दलालाने विचारले, “मूळ गाव कोणतं?” गाव सांगितले. “आडनाव?” तेही सांगितले. ते आडनाव मराठ्यांत असते आणि आपल्यातही. म्हणून तिसरा प्रश्न आला, “कुलदैवत कोणतं तुमचं?” बाई म्हणाल्या, “आमच्या घरात बुद्धाचा फोटो असतो.” दुसऱ्या दिवशी फोन आला, मालकाचा विचार बदलला आहे. परतताना गुरुजी म्हणाले, “दादा, जेजुरीचा खंडोबा म्हणालो असतो तर घर मिळालं असतं.” मला उत्तर सुचले नाही. बाई म्हणाल्या, “मग त्या घरात फोटो कुठं लावला असता?”

असा नकार हा केवळ मालकाच्या मर्जीचा भाग नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे वा वापरणे याला आडकाठी करणे कलम ४ अन्वये गुन्हा ठरवतो. गुन्ह्याचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही तो दर्जा आहे. अडचण पुराव्याची आहे. नकार नेहमी तोंडी आणि गोड शब्दांत येतो. म्हणून बोलणी शक्य तेवढी लेखी करावीत, निदान संदेश जपून ठेवावेत.

सहकारी गृहसंस्थेत जुनी सदनिका घेताना संस्थेचे ‘ना हरकत’ पत्र आणा, असे सांगून माणूस रखडवला जातो. आदर्श उपविधीनुसार हस्तांतरासाठी असे पत्र आवश्यक नाही. महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य २५ हजार रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. सदस्यत्व पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. नाकारलेच तर लेखी कारण मागावे आणि निबंधकाकडे अपील करावे. मात्र कायद्याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध मानला. एका अल्पसंख्य समाजाला मिळालेली ही मुभा बलिष्ठ जातींच्या हाती कुंपण ठरू शकते.

आता पैशाकडे वळू. आपल्याकडे वाडवडिलांची मिळकत म्हणजे बहुधा महार वतनाची जमीन. १९५८ च्या कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायद्याने ती नव्या शर्तीवर परत मिळाली. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. पुण्यातल्या घरासाठी घाईने, कुणाच्या तरी कुलमुखत्यारपत्रावर सही करून ती देऊन टाकणारा माणूस जमीनही गमावतो आणि पुढे खटल्यातही अडकतो.

दुसरा सापळा शहराच्या कडेला असतो. पैसे कमी, म्हणून गुंठा-अर्धा गुंठा नोटरी केलेल्या मुद्रांकावर घेतला जातो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपयांवरील स्थावराचे खरेदीखत नोंदवलेच पाहिजे. नोटरी, ताबा पावती वा मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही आणि बुलडोझर आला तर दाखवायला कागद नसतो. आयुष्याची पुंजी पुन्हा एकदा वेशीबाहेर जाते.

नव्या इमारतीत घर घ्यायचे तर प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक आधी तपासावा. २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत साठेखत झाल्याशिवाय बांधकाम व्यावसायिकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. किंमत चटई क्षेत्रावर ठरते, हे विसरू नये. तीस वर्षांचा मालकी शोध वकिलाकडून करून घ्यावा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांवर नाही. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात, आणि तेथे कुलदैवत कुणी विचारत नाही. जातीचा दाखला व उत्पन्नाचा पुरावा मात्र वेळेत तयार हवा. नेमके तिथेच आपले अर्ज मागे पडतात.

हे सारे तपशील रूक्ष वाटतील. पण मोर्चाचे पत्रक लिहिणाऱ्या हातांना सातबारा वाचता आला पाहिजे. वस्तीतल्या विहारात महिन्यातून एक संध्याकाळ कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लोकांचे कागद वाचण्यासाठी द्यावी. आधी शहरात स्थिरावलेल्याने मागून येणाऱ्याला एवढे तरी द्यावे. अन्यथा त्याचे घर त्याच्यापुरतेच राहील.

त्या दांपत्याला पुढे सहा महिन्यांनी घर मिळाले. खरेदी बाईंच्या नावे झाली. दार उघडले की समोरच फोटो दिसतो.