‘इन्क्वेस्ट’ म्हणजे नेमके काय?

विहिरीत एखाद्याचा मृतदेह सापडला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक ठरलेले वाक्य असते : ‘पोलिसांनी पंचनामा करून अकस्मात मृत्यूची नोंद केली.’ हा पंचनामा म्हणजेच ‘इन्क्वेस्ट पंचनामा’. इन्क्वायरी, इन्व्हेस्टिगेशन आणि इन्क्वेस्ट हे तिन्ही शब्द मराठीत ‘चौकशी’ किंवा ‘तपास’ म्हणून उरकले जातात. पण इन्क्वेस्टचा आजचा अर्थ नेमका आहे : मृत्यू कसा झाला, याचा शोध. गुन्हेगार कोण, हे ठरवणे त्याचे काम नाही.

शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘क्वेरेरे’ आहे, म्हणजे शोधणे, विचारणे. क्वेश्चन, क्वेरी, रिक्वेस्ट ही सगळी त्याचीच भावंडे. जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडमध्ये आलेल्या या शब्दाचा सुरुवातीला मृत्यूशी खास संबंध नव्हता. राजाचे अधिकारी येत, स्थानिक लोकांना शपथ घालत आणि जमीन कोणाची, तिची किंमत काय, हे विचारून घेत. १०८६ चे प्रसिद्ध ‘डूम्सडे बुक’ अशाच चौकशीतून तयार झाले. पुढे ११९४ मध्ये कोरोनर हे पद आले. ‘कोरोना’ म्हणजे मुकुट. राजाचे हक्क जपणारा तो कोरोनर. संशयास्पद मृत्यूत दंड किंवा जप्तीतून राजाला काही मिळते का, हे पाहणेही त्याच्याकडे होते. म्हणजे या व्यवस्थेला मृताच्या काळजीइतकीच तिजोरीचीही काळजी होती!

चौकशीची चौकट किती महत्त्वाची असते, हे इंग्लंडमधल्या हिल्सबरो दुर्घटनेत दिसले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. मृतांची संख्या आज ९७ मानली जाते. पहिल्या इन्क्वेस्टमध्ये कोरोनरने दुपारी ३.१५ नंतरच्या घटना विचारातच घेतल्या नाहीत. तोवर सर्वांना प्राणघातक इजा झालेली होती, असे त्याने धरले. त्यामुळे मदत वेळेवर मिळाली असती तर कोणी वाचले असते का, हा प्रश्न बाहेरच राहिला. १९९१ मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असा निष्कर्ष निघाला. कुटुंबीय लढत राहिले. २०१२ मध्ये तो निष्कर्ष रद्द झाला आणि नव्या इन्क्वेस्टच्या ज्युरीने २०१६ मध्ये हे मृत्यू बेकायदा ठरवले. दुर्घटनेला तेव्हा २७ वर्षे झाली होती.

मुंबईतही इंग्रजी काळापासून कोरोनर होता. १९९९ मध्ये ते पद रद्द झाले. आता आपल्याकडे हे काम पोलीस करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ लागू होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू आहे. पोलीस अधिकारी कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवतो, जागेवर जातो आणि परिसरातल्या किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मृतदेहावरच्या जखमा, खुणा आणि मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण नोंदवतो. शेजाऱ्यांना साक्षीला बोलावण्याची ही रीत त्या जुन्या इंग्रजी चौकशीची आठवण करून देते. कोठडीतील मृत्यूची चौकशी मात्र पोलिसांवर सोडलेली नाही. ती न्यायदंडाधिकारी करतात.

मृताच्या नातेवाइकांचा गोंधळ होतो तो इथेच. संशयिताचे नाव पंचनाम्यात दिसले नाही, की प्रकरण दाबले असे वाटते. ‘अकस्मात मृत्यू’ वाचून सारे संपले असेही वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केले आहे, की इन्क्वेस्टचा हेतू मृत्यूचे वरवर दिसणारे कारण शोधण्यापुरता आहे. हल्ला कोणी, कोणत्या परिस्थितीत केला, हे त्यात येण्याची गरज नाही. त्यासाठी गुन्हा नोंदवून वेगळा तपास व्हावा लागतो. घातपाताचा संशय असेल, तर नातेवाइकांनी पंचनाम्यावर विसंबून न राहता लेखी फिर्याद द्यावी आणि तिची पोच घ्यावी.