उद्यमचा कागद : छापण्यापूर्वी नोंद तपासा

बदलापूरच्या बेलवलीपासून अंबरनाथ, उल्हासनगरपर्यंत शिलाई, सुतारकाम, वेल्डिंग अशा हुन्नरावर घर चालविणारे आपले पुष्कळ बांधव आहेत. बँकेत कर्जासाठी किंवा मोठ्या पार्टीकडे कामासाठी गेले की त्यांना हमखास विचारणा होते, "उद्यमचा कागद आहे का?" मग धावपळ सुरू होते. कोणी एजंट गाठतो, हजार-पाचशे मोजतो आणि मिळालेला कागद लॅमिनेट करून दुकानात लावतो.

वास्तविक १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. कोणतेही कागदपत्र जोडावे लागत नाही. आधार आणि पॅन क्रमांक लागतो; जीएसटी क्रमांक ज्यांना कायद्याने बंधनकारक आहे त्यांनाच. शुल्क मागणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी खाजगी संकेतस्थळे बरीच आहेत, त्यांपासून सावध राहावे.

हा कागद कोणी कारकून टाइप करीत नाही. आपण भरलेली माहिती सरकारच्या डेटाबेसमध्ये जाते. मालमत्ता आणि उलाढालीचे आकडे आयकर व जीएसटीच्या नोंदींशी जोडले जातात. छापण्याचा आदेश दिला की संगणक ठरलेल्या नमुन्यात नाव, पत्ता, क्रमांक बसवितो आणि पीडीएफ तयार करतो. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या या पद्धतीत अक्षरांचे वळणही फाइलमध्येच साठविता येते. त्यामुळे बदलापुरात छापा की भिवंडीत, कागद सारखाच निघतो. कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. बँकवाला तो मोबाइलने तपासतो आणि त्याला मूळ नोंद दिसते. म्हणून कागदावर खाडाखोड करून काही साधत नाही. चूक असेल तर नोंदच दुरुस्त करावी आणि कागद नव्याने छापावा.

आपल्याकडे घोळ होतो तो बहुधा नावात. आधारवर 'शेख' इंग्रजीत एका तऱ्हेने, पॅनवर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. कुठे मोहम्मद पूर्ण, तर कुठे नुसते 'मो.' माणसाला ही एकच व्यक्ती आहे हे कळते, यंत्राला कळत नाही. आधी आधार आणि पॅन जुळवून घ्यावे, मगच फॉर्म भरावा.

दुसरी गफलत मोबाइल क्रमांकाची. घाईत सायबर कॅफेवाला स्वतःचा क्रमांक टाकतो. पुढे कागद पुन्हा छापायचा म्हटले की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तोवर त्याने दुकान गुंडाळलेले असते! क्रमांक आणि ई-मेल आपलाच द्यावा.

एवढी खटपट कशासाठी? उदाहरणार्थ, बेलवलीतील एका शिलाई कारीगराने उल्हासनगरच्या जीन्सवाल्याचे चाळीस हजारांचे काम करून दिले. २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा फासही आला आहे : ही मुदत चुकविणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा दाखविता येत नाही. उशिरावर व्याजाची तरतूद कायद्यात आहे. त्याबाबत आपल्या उलमांना विचारावे, परंतु मुद्दल हा तर हक्कच आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे, तेव्हा लेखी कराराची आपल्याला नवलाई नसावी. नोंदणी मात्र माल देण्यापूर्वीच झालेली बरी.

नुसत्या व्यापाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यममध्ये घेतले, पण केवळ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरते. ४५ दिवसांचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

जुना 'उद्योग आधार'चा कागद जपून ठेवलेला असेल तर त्याची वैधता ३० जून २०२२ रोजीच संपली आहे. ज्यांचा धंदा अगदी लहान आहे आणि पॅन, जीएसटी नाही, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ पासून 'उद्यम असिस्ट'ची सोय आहे. ती नोंद बँकेमार्फत होते, म्हणून आपले खाते जिथे आहे तिथेच चौकशी करावी.